तुम्ही विचारलंत म्हणून : कुत्रा ठेवला, बायको काढली

‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ या कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्स-कादंबरीवरच्या एखाद्या चित्रपटाचा विषय निघाला की मला हमखास विचारले जाते, "हा मूळ पुस्तकाशी कितपत इमान राखतो?" मी उत्तर देऊ लागले की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "एका पात्राचे नाते बदलले, तर तुम्हाला इतके का लागते?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी वेळोवेळी दिले आहे, दुसऱ्याचे मात्र टाळत आले. आता दोन्ही सांगते. रहस्य फुटेल, पण विचारणाऱ्यांना ते ठाऊकच आहे.

पडद्यावर आणताना काहीही बदलू नये, असे माझे म्हणणे कधीच नव्हते. १९३९ च्या अमेरिकन चित्रपटाने बास्करव्हिलांचा नोकर बॅरिमोर याचे आडनाव बदलले आणि कादंबरीत नसलेली प्लँचेटची बैठक घातली. १९५९ च्या, हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या चित्रपटाने बास्करव्हिलांचा वारस सर हेन्री याच्या अंगावर भलामोठा कोळी सोडला. यांतल्या कशाबद्दलही मी कुणाशी भांडलेले नाही. कादंबरीच्या मधल्या मोठ्या भागात होम्स दिसतच नाही आणि कथा त्याचा मित्र वॉटसन याच्या पत्रांतून व रोजनिशीतून पुढे सरकते. तो भाग चित्रपटात आखडता घ्यावा लागतो, हेही मला मान्य आहे.

माझे भांडण बेरिलपुरते आहे. कादंबरीत ती खलनायक स्टेपल्टनची, म्हणजे कुत्रा वापरून बास्करव्हिलांचा काटा काढणाऱ्या शेजाऱ्याची, बायको असते आणि तो तिला जगासमोर बहीण म्हणून वावरायला लावतो, कारण अविवाहित बाई आमिष म्हणून अधिक उपयोगी पडेल असा त्याचा हिशोब असतो. त्याचा पहिला बळी, म्हणजे सर हेन्रीचा म्हातारा काका सर चार्ल्स, याला जाळ्यात ओढायला ती मार खाऊनही नकार देते. ती नकार देते म्हणूनच स्टेपल्टनला लॉरा लायन्सची गरज पडते. नवऱ्याने टाकलेल्या आणि बापाने दार बंद केलेल्या या बाईला तो लग्नाचे वचन देतो आणि तिच्याकडून सर चार्ल्सला पत्र लिहवून घेतो, की रात्री दहा वाजता फाटकाशी या. रात्रीच्या वेळी माळावर पाऊल टाकायला धजत नसलेला तो वृद्ध गृहस्थ त्या फाटकाशी इतका वेळ उभा राहिला, की त्याच्या सिगारची राख दोनदा गळून पडली. तो का उभा राहिला, याचे उत्तर त्या पत्रात आहे. सगळा गुन्हा दोन फसवलेल्या बायकांवर उभा आहे. कुत्रा नंतर येतो.

१९३९ च्या चित्रपटात बेरिल ही स्टेपल्टनची सावत्र बहीण आहे आणि सर हेन्रीशी लग्न करायला मोकळी आहे. लॉरा त्यात नाहीच. १९५९ मध्ये तर बेरिलच्या जागी स्टेपल्टनची मुलगी आली, तीही कटात सामील असलेली, आणि शेवटी दलदलीत बुडणारी. जिने छळ सोसूनही खुनाला हातभार लावायचे नाकारले, तिलाच खुनशी करून टाकणे हा वेळ वाचवण्यासाठी केलेला बदल नव्हे. त्या चित्रपटाची बाजू मी आजवर घेतली नाही, पुढेही घेणार नाही.

आता दुसरा प्रश्न. माझ्या थोरल्या आत्याच्या यजमानांनी बदलीच्या गावी दुसरी बाई घरात आणली. त्यांनी आत्याला हाकलून दिले नाही. शेजाऱ्यांना आणि कचेरीतल्या मंडळींना मात्र आत्याबद्दल सांगितले, की ही माझी मावसबहीण, हिला कुणी नाही म्हणून आमच्याकडे असते. आत्याला मंगळसूत्र आणि जोडवी काढून ठेवायला लावली. जोडव्यांच्या जागी पायाच्या बोटांवर फिकट वळ बरेच दिवस राहिले. शेजारच्या एक वहिनी हळदीकुंकवाचे बोलावणे द्यायला आल्या, त्यांची नजर त्या वळांवर गेली, आणि निघताना त्यांनी काही न बोलता आत्याच्या कपाळाला कुंकू लावले. ‘त्यांना कळलं होतं,’ एवढेच आत्या म्हणायची. पुढे आजोबांनी जाऊन तिला आणले. आमच्या घरात हा विषय कुणी काढत नसे. मला हे तिने स्वतः, फार उशिरा सांगितले.

आणि ते सांगायला निमित्त झाली ही कादंबरी. तिची नजर अधू झाल्यावर दुपारी मी तिला वाचून दाखवत असे, इंग्रजी पुस्तक असले तर मराठीत सांगत सांगत. तेराव्या प्रकरणात होम्स लॉरापुढे एक छायाचित्र ठेवतो. यॉर्कमध्ये काढलेले, नवरा-बायकोचे, मागे ‘मिस्टर आणि मिसेस व्हँडेल्युअर’ असे, म्हणजे स्टेपल्टन पूर्वी लावत असलेल्या नावाने, लिहिलेले. स्टेपल्टनने लॉराला दिलेले वचन त्या एका छायाचित्राने उघडे पडते. आत्याने मला तिथेच थांबवले आणि तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला. मग जोडव्यांची गोष्ट सांगितली. ती अजिबात रडली नाही. मीच पुढचे पान उलटू शकले नाही.

काही काळाने मी तिला १९३९ चा चित्रपट मुद्दाम लावून दिला. ती संतापेल आणि माझ्या बाजूने बोलेल, अशी माझी खात्री होती. तिने तो शेवटपर्यंत पाहिला, कोण काय बोलले ते मला अधूनमधून विचारले, आणि म्हणाली, "हा बरा आहे. ह्यात ती सुटली."

मी म्हटले, "अगं आत्या, पण ह्यात ती त्याची बायकोच नाही. सुटायचं कशातून?"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारले, "तुझ्या पुस्तकात तिला खांबाला बांधलेली सोडवतात ना? मग पुढे ती कुठे गेली?"

मी पुस्तक पुन्हा चाळले. दुसऱ्या दिवशी बेरिल होम्स आणि वॉटसनला दलदलीतली वाट दाखवते. शेवटच्या प्रकरणात होम्स तिच्याशी बोलल्याचा उल्लेख आहे. सर हेन्री मन सावरण्यासाठी डॉक्टर मॉर्टिमरसोबत जगप्रवासाला निघतो, हेही लिहिले आहे. बेरिल कुठे गेली, कुणाच्या आधाराने राहिली, याबद्दल एक ओळ नाही. ज्या पुस्तकाच्या नावाने मी चित्रपटांशी भांडत होते, त्याने तिची साक्ष घेतली आणि तिला तिथेच सोडले.

यावर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला आहे. कधी वाटते, तिचे दुःखच पुसून टाकणाऱ्या सुखान्तापेक्षा पुस्तकातले मौन परवडले, कारण त्यात निदान तिच्यावर झालेला अन्याय नोंदलेला राहतो. कधी वाटते, जिने ते भोगले तिला सुखान्त हवा असेल, तर नोंदीचा आग्रह धरणारी मी कोण? याच कादंबरीवर बेतलेला १९६२ चा हिंदी ‘बीस साल बाद’ आठवला की वाद आणखी गुंततो. त्यात कुत्रा नाही, कादंबरीतला डार्टमूरचा माळ नाही, होम्सही नाही. मूळ कथेचा केवळ सांगाडा घेतलेला आहे. पण ठाकूर घराण्यामागचा शाप एका नासवलेल्या मुलीपासून सुरू होतो, आणि बास्करव्हिलांची दंतकथाही त्यांचा पूर्वज ह्यूगो याने पळवून कोंडून ठेवलेल्या मुलीपासूनच सुरू होते. सर्वांत दूर गेलेल्या चित्रपटाने ते मूळ हातचे सोडले नाही, याला बेइमानी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नापुरते स्पष्ट उत्तर असे : १९८१ चा मास्लेनिकोव्हचा रशियन चित्रपट आणि १९८८ चा, जेरेमी ब्रेट होम्स झालेला, या दोन्हींत बेरिल बायको आहे आणि लॉराही आहे. निवड करायचीच तर मी रशियन सुचवते, मिखाल्कोव्ह या नटाने त्यात सर हेन्री जरा जास्तच खुलवलेला असला तरी. उद्या एखाद्या दिग्दर्शकाने कादंबरीच्या पुढे जाऊन बेरिलचे काय झाले ते दाखवले, तर त्याला पुस्तकाशी प्रामाणिक म्हणायचे की नाही, हे मला आज ठरवता येत नाही. १९३९ च्या चित्रपटावरचा माझा राग मात्र आत्याला तो आवडला म्हणून कमी झालेला नाही, आणि तिला तो का आवडला हे कळत असूनही कमी झालेला नाही.