आईच्या दंडावरचा डाग

चहाचा कप विसळून पालथा घालते न घालते तोच आई विचारते, "चहा टाकला का गं?" अल्झायमरचं हे तिसरं वर्ष.

जूनमध्ये तिला रक्त तपासायला नेलं. शीर सापडेना. तिथल्या बाईंनी तीनदा टोचलं, वर "आजी, हलू नका म्हटलं ना!" म्हणून खेकसल्या. घरी आल्यावर दंडावरचा काळानिळा डाग दाखवून आईच मला विचारत होती, "हे कुठं लागलं गं?" मामी म्हणाली, बरंय, लक्षात तरी राहत नाही तिच्या.

पंधरा दिवसांनी रविवार कारंजाला चांदीच्या गणपतीला निघालो होतो. रिक्षा त्याच गल्लीतून गेली. ते दार दिसलं आणि आईनं पदर दंडावर ओढून माझं मनगट गच्च धरलं. "इथं नको थांबायला." का नको, ते तिला सांगता येईना.

मग मी वाचत बसले. कानाच्या आतल्या अंगाला, मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस असतो, समुद्रघोड्यासारखा वळलेला. काय घडलं, कुठं, कधी, हे तो नोंदवतो. अल्झायमर सुरुवातीलाच त्याला गाठतो. त्याच्या पुढ्यात बदामाच्या आकाराचा अमिग्डाला. भीतीची खूणगाठ तिथं बसते, प्रसंग पुसला गेला तरी.

1911 साली जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी स्मृती गेलेल्या एका बाईंची गोष्ट लिहिली. त्यांनी बोटांत टाचणी लपवून बाईंशी हात मिळवला. पुढच्या वेळी टोचल्याचं बाईंना आठवत नव्हतं, तरी हात मागे घेतला. 2014 मध्ये आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते विसरले, पण मन जडच राहिलं.

मामीला हे सगळं फोनवर सांगितलं. "विसरेलच ती" असं आमच्या घरात आता कुणी म्हणायचं नाही.

परवा रक्त घ्यायला एक मुलगा घरीच आला. आई वाती वळत होती. बोटं अजून चुकत नाहीत. हातवळणाच्या सवयी मेंदूत दुसरीकडे साठतात. तो शेजारी बसला, म्हणाला, "आजी, मला शिकवा ना." तिनं त्याच्या तळहातावर कापूस ठेवला. सुई कधी गेली, तिला कळलंही नाही.

आज तो रिपोर्ट द्यायला आला. "हा कोण गं?" आईनं मला विचारलं, आणि कॉटवर सरकून त्याला जागा करून दिली.