कपाटामागचं कॉन्व्हेंट

आईला फोनवर म्हटलं, "आज कॉन्व्हेंट बघून आले." तर ती म्हणाली, "अगं, आत्तापासून अॅडमिशनची घाई कशाला?" बरोबरच आहे तिचं. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे टाय लावलेली इंग्रजी शाळा. इथे मेक्सिकोत, प्वेब्लामध्ये, कॉन्व्हेंट म्हणजे खरोखरच नन्स राहायच्या ती जागा. त्यातल्या एका मठाचं आता धार्मिक कलेचं संग्रहालय झालंय, नाव सांता मोनिका.

आम्हाला इथे येऊन दीड वर्ष झालं. नवऱ्याची चाकणहून इथल्या मोटारींच्या कारखान्यात बदली झाली, त्याच्यामागे मी. शहराच्या जुन्या भागात भटकताना ही वास्तू कितीदा तरी ओलांडली असेन. बाहेरून विशेष काही नाही. आत गेलं की लाल विटा आणि निळ्या-पांढऱ्या तालावेरा टाइल्सनी मढवलेला चौक असा समोर येतो की तिथेच बसून राहावं.

सुरुवातीला हा मठ नव्हताच. सतराव्या शतकात, ज्यांचे नवरे लांबच्या प्रवासाला गेलेत अशा बायकांना 'सुरक्षित' ठेवण्यासाठी इथे घर काढलं होतं. (नवरे मोकळे फिरणार आणि बायका कुलपात. ओळखीचं वाटतं ना?) ते चाललं नाही. पुढे बदनाम ठरवलेल्या बायकांना इथे ठेवलं, मग मुलींसाठी संस्था निघाली आणि 1688 मध्ये बिशप मानुएल फर्नांडेस दे सांता क्रूस यांनी ऑगस्टिनियन नन्सचा मठ केला. संत मोनिका ही संत ऑगस्टिनची आई, म्हणून तिचं नाव.

याच बिशपसाहेबांची आणखी एक करामत आहे. मेक्सिकोची थोर कवयित्री सोर हुआना इनेस दे ला क्रूस ही स्वतः नन. 1690 मध्ये बिशपनी तिचा एक धर्मविषयक लेख छापला आणि सोबत तिला सल्ला देणारं पत्र जोडलं: जगाच्या विद्या कमी कर, धर्माकडे लक्ष दे. पत्राखाली सही मात्र 'सोर फिलोतेआ' अशी, म्हणजे एका ननची! बाईला गप्प करायचं तेही बाईच्या नावाने. तिने 1691 मध्ये असं सणसणीत उत्तर लिहिलं की आजही लोक ते वाचतात. त्यात ती म्हणते, अॅरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याने याहून कितीतरी जास्त लिहिलं असतं. 1699 मध्ये बिशप वारले. त्यांचं हृदय या मठात जपून ठेवलंय. मी ते पाहिलं. काय वाटायला हवं होतं ते कळेना.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो पुढचा भाग. एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोच्या सरकारने चर्चची मालमत्ता ताब्यात घेतली आणि 1863 मध्ये बेनितो हुआरेस यांच्या सरकारने नन्सचे मठ बंद करण्याचा हुकूम काढला. सांता मोनिकाच्या नन्स निघाल्या, पण परत आल्या. रस्त्यावरून बघणाऱ्याला साधी राहती घरं दिसायची, मागे मठ चालू! 1926 नंतर कायदा आणखी कडक झाला, तरी त्या टिकल्या. शेवटी 1934 मध्ये वालेन्ते किन्ताना या गाजलेल्या गुप्तहेराने छापा घालून त्यांना शोधून काढलं. जेवणघरातल्या कपाटामागे चोरदार होतं, असं इथे सांगतात. म्हणजे बंदीनंतर सत्तर वर्षांनीही पलीकडे घंटेवर दिवस चालू होता. एवढी वर्षं भाजी, दूध, पीठ कोण आणून देत असेल? शेजारपाजारच्यांना ठाऊक नसणार हे मला तरी पटत नाही. आमच्या सदाशिव पेठेत नवा भाडेकरू आला तर संध्याकाळपर्यंत त्याचं गोत्र कळतं.

पुढच्याच वर्षी तिथे संग्रहालय झालं. शहरातल्या इतर बंद मठांमधल्या वस्तूही इथे आल्या. राफाएल मोरान्तेने मखमलीवर रंगवलेली चित्रं पाहायला लोक खास येतात. मला मात्र फुलांचे भलेमोठे मुकुट घातलेल्या नन्सची चित्रं आवडली. व्रत घेताना किंवा मरणानंतर त्यांना असं सजवून चित्र काढून घेत. मला आपल्या मुंडावळ्या आठवल्या. शेजारच्या कपाटात नन्सनी प्रायश्चित्त म्हणून अंगाला टोचून घ्यायचे काटेरी तारेचे पट्टे आहेत. तिथे फार थांबवलं नाही.

या मठाची खरी प्रसिद्धी मात्र स्वयंपाकघरामुळे. 1821 च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्याचा सेनानी आगुस्तिन दे इतुर्बिदे शहरात आला, तेव्हा इथल्या नन्सनी त्याच्यासाठी 'चिलेस एन नोगादा' केले अशी आख्यायिका आहे. पोब्लानो मिरचीत खिमा आणि फळांचं सारण, वर अक्रोडाची पांढरी चटणी आणि डाळिंबाचे दाणे, म्हणजे झेंड्याचे तिन्ही रंग. मी घरी खिम्याऐवजी पनीर घालून केलं. शेजारणीने चाखलं आणि तोंडावर काही म्हणाली नाही, यातच सगळं आलं.

आईला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "अगं, जुन्या गोव्यातही सांता मोनिका आहे, तिथेही म्युझियमच आहे ना?" आहेच. 1606 मध्ये सुरू झालेला नन्सचा मठ, आणि आता त्याच वास्तूत ख्रिस्ती कलेचं संग्रहालय. माझं लग्नाआधीचं सगळं आयुष्य पुण्यात गेलं, गोव्याला वीसेक वेळा गेले असेन, पण दरवेळी किनाऱ्यावरूनच परतले. डिसेंबरात येतोय आम्ही. आईने आत्ताच बजावलंय, आधी मोनिका, मग मासे.