बरणीतली पांढरी गोगलगाय

जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. इथून समुद्र दूर, त्यामुळे आमच्या मुलांचा समुद्र म्हणजे कपाटातल्या बरण्या.

यंदा बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला स्पॉटिंगसाठी, म्हणजे नमुना पाहून ओळखायला आणि वर्णन लिहायला, समुद्री गोगलगाय मांडली होती. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या सहलीत ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यात ती सापडली होती. शास्त्रीय नाव हिप्सेलोडोरिस इन्फुकाटा. जेमतेम तीन सेंटिमीटर, निळसर अंगावर पिवळे आणि काळपट ठिपके, वास घेणारी दोन लाल शिंगं, पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा तुरा. नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये थेट टाकली की ती तुरा आत ओढून घेते आणि तिचा नुसता गोळा होतो. म्हणून मी आधी साडेसात टक्के मॅग्नेशियम क्लोराइड थोडं थोडं घालून तिला सुस्त केलं होतं. शिंगाला सुई लावली तरी हलेना, तेव्हाच फॉर्मॅलिन. तुरा आजही फुललेला आहे. रंग मात्र टिकला नाही, तो फॉर्मॅलिनमध्ये टिकतच नाही. ही गोगलगाय स्पंज खाऊन त्यातली कडू रसायनं अंगात साठवते आणि 'मला खाऊ नका' हे माशांना रंगानं सांगते. नेमकं तेच बरणीत पुसलं जातं.

एका मुलीनं लिहिलं, 'निळसर, पिवळे ठिपके, शिंगं लाल.' बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन गुण कापले. "बेटा, समोर दिसतं ते लिहायचं. पाठांतर नको." ती माझ्याकडे वळली. "सर, ती निळी व्हती ना!" डबक्यात वाकून ती गोगलगाय पहिल्यांदा दिसली होती तिलाच.

मी "नंतर बोलू" म्हणालो. परीक्षक वरिष्ठ, पुढची बॅच दारात उभी. लेबलवर नाव, ठिकाण, तारीख सगळं माझ्याच अक्षरात. रंग मी लिहिलेलाच नव्हता. जिवंतपणीचा रंग लेबलवर हवा, हे दरवर्षी मीच शिकवतो. संध्याकाळी जुन्या मोबाइलमध्ये फोटो सापडला, तोवर गुणांचं पाकीट सील होऊन गेलं होतं. दुपारीच "सर, एक मिनिट" म्हणायला मला काय झालं होतं, हे अजून उलगडत नाही.

फोटो छापून बरणीला चिकटवला. जर्नल न्यायला आली तेव्हा तिनं तो बराच वेळ पाहिला. म्हणाली, "सर, छपाईत शिंगं नारिंगी आलीत. लालच होती. खाली लिहून ठेवा."

लगेच लिहिलं.