घाई नाही, पण…

मंगळवार, रात्री

दुपारी माझ्या भाडेकरूंकडून निरोप आला. "ताई, घाई नाही, पण सिंकखालच्या कपाटात हाताला ओल लागतेय." संध्याकाळीच प्लंबरला घेऊन गेले. बॉटल ट्रॅपचा, म्हणजे सिंकखालच्या बाटलीसारख्या जोडाचा, वॉशर कडक होऊन चिरला होता. बदलायला फार वेळ लागला नाही, पण कपाटाची खालची फळी कडेने फुगायला लागली होती. अजून काही आठवडे कोणी बोललं नसतं तर फळी गेली असती, आणि मागच्या भिंतीचा गिलावाही सुटला असता.

मी निघताना भाडेकरू बाई दोनदा म्हणाल्या, "तुम्हाला उगाच त्रास दिला." ते ऐकून वाईट वाटलं. आधीच्या घरी काही सांगितलं की पुढच्या करारात भाडं वाढायचं, म्हणून गळका नळ त्या बादली लावून तसाच चालवायच्या. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात, म्हणजे चार लिटरच्या आसपास पाणी. त्या घरमालकाला याचा पत्ताच नसणार.

घर भाड्याने दिलं की तिथे रोज वावरणारे डोळे आपले नसतात. आपल्याला दिसतं ते चावी देताना आणि परत घेताना. मधल्या काळात घर कसं आहे हे भाडेकरू सांगेल तेवढंच कळणार. म्हणून तक्रार करणारा भाडेकरू मला मोलाचा वाटतो. त्याला सांगताना संकोच वाटू नये, हे काम मी देखभालीतलं पहिलं काम मानते. प्लंबर, रंगारी, इलेक्ट्रिशियन हे सगळे त्यानंतर.

पाण्याच्या बाबतीत तर हे फारच खरं. स्लॅबमधल्या सळीपर्यंत ओल पोचली की सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीटला रेटतो आणि पोपडे पडतात. वरून रंग मारला तर काही दिवस बरं दिसतं, मग तोच डाग पुन्हा उमटतो. आधी पाणी येतंय कुठून ते शोधायला हवं. अंघोळीनंतरच ओल वाढत असेल तर सांधे, ग्राउट (टाइल्समधल्या फटींचं भरण), नाहणी ट्रॅप (जमिनीवरची पाणी जायची जाळी आणि तिच्याखालचा भाग) बघायचे. चोवीस तास सारखी असेल तर पाइप. सगळे नळ बंद असताना, टाकीही भरत नसताना पाण्याच्या मीटरचा काटा फिरत असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळती असणार.

कोपऱ्यात किंवा कपाटामागे काळी बुरशी दिसली की घरमालक पटकन म्हणतात, कपडे घरात वाळवता म्हणून. कपड्यांनी दमटपणा वाढतो, खरं आहे. पण बाथरूमला एक्झॉस्ट फॅन नाही, खिडकी फुगून बसलेली, मग ती वाफ जाणार कुठे? फॅन लावणं, खिडकी उघडेल अशी करून देणं हे माझं काम. त्यानंतर फॅन चालवायचा, खिडकी उघडी ठेवायची, हे त्यांचं.

काही गोष्टींसाठी मात्र मी तक्रारीची वाट बघत नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर ठेवू देत नाही. त्यातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, त्यामुळे माणसाला सावध व्हायला संधीच मिळत नाही. आरसीसीबीवरचं, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवरचं, टेस्टचं बटण दर काही महिन्यांनी दाबून बघायला भाडेकरूंना शिकवलंय. दाबल्यावर वीज गेली नाही तर लगेच मला फोन.

दुसरी चावी माझ्याकडे असते, पण विचारल्याशिवाय जात नाही. मालकी माझी असली तरी घर त्यांचं आहे. चावी देताना खोलीखोलीचे फोटो आणि मीटरचे आकडे दोघांकडे राहतात, त्यामुळे सोडताना डिपॉझिटवरून वाद होत नाही. फिका पडलेला रंग, खिळ्यांची भोकं हे राहण्याने होतंच. त्याचे पैसे मी कापत नाही. फुटलेलं बेसिन वेगळं.

करार संपत आलाय. भाडं थोडं वाढवायचं मनात आहे, पण जेवढं आधी बोलणं झालं होतं तेवढंच. घर एक महिना रिकामं राहिलं तरी वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा, म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त, हातचा जातो. चांगली माणसं गेली तर नुकसान त्याहून मोठं. आजच्या दुरुस्तीचा वाढीशी काही संबंध नाही, हे त्यांना उद्या स्वतः फोन करून सांगणार आहे. फुगलेली फळी वाळल्यावर कशी राहते तेही विचारेन, आणि बाथरूमचं ग्राउट भरायला त्यांना कुठला दिवस सोयीचा पडेल तेही.