व्हीलचेअरवरून झाडीपट्टीचं नाटक: तिकीट कुठलं काढावं

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रेच्या, नाटकाला बाबांना व्हीलचेअरवरून नेलं. गाव वडसा-देसाईगंजच्या अलीकडचं, मंच धान कापलेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात. दिवाळीपासून होळीपर्यंत या भागात, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, रात्र-रात्र नाटकं चालतात, म्हणून जाणाऱ्यांसाठी लिहितोय.

पुढची खुर्ची महाग म्हणजे चांगली, हा हिशेब इथे विसरा. मागच्यांना दिसावं म्हणून प्रेक्षकांची जागा मंचाकडे उतरती खणलेली होती. अशा मातीच्या उतारावर ब्रेक लावूनही व्हीलचेअर सरकते, आणि मध्येच लघवीला न्यायचं तर वर चढवायला चार हात लागतात. खड्ड्याच्या काठावरची, कडेची सपाट जागा मागा. मंच जरा लांब पडतो, पण झाडीपट्टीतले नट हळू बोलतात कुठे! फक्त समोर उभ्यानं बघणारी पोरं येतात, तेवढी दोरी बांधून घ्या.

तिकिटासाठी पत्रकावरच्या नंबरावर आधी फोन करा. ‘जागा होईल का’ विचारलं की उत्तर ठरलेलं, “आणा न भाऊ बाबाले, करून देऊ.” त्यापेक्षा गेट किती रुंद ते विचारा. आमची खुर्ची चाकांच्या बाहेरून २६ इंच, आणि गेटवर एकेक माणूस जाईल एवढीच बांबूंची वाट. दुपारीच जाऊन दाखवलं, तेव्हा नाटक भरवणाऱ्या मंडळाच्या पोरांनी एक बांबू सोडला. बाबांच्या जागेवरची प्लास्टिकची खुर्ची काढायला आणि शेजारची माझ्यासाठी ठेवायला तेव्हाच सांगितलं. तिकिटं दोन्ही पूर्ण घेतली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांस्कृतिक कार्यक्रमांचाही हक्क आहे, पण रात्री गेटवर कायदा काढण्यापेक्षा दुपारी मंडळाच्या लोकांसोबत चहा घेतलेला बरा.

धानाच्या धसकटात पुढची लहान चाकं रुततात. खुर्ची उलटी फिरवा, मोठी चाकं आधी जाऊ द्या आणि मागे मागे ओढत न्या.

संडासाची सोय धरूच नका. युरिन पॉट आणि आडोशाला एक जुनी चादर ठेवा. पहाटे दव पडतं, खुर्चीचे लोखंडी दांडे हात लावू देत नाहीत. कानटोपी, घोंगडी हवीच.

एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण नाटक सुटतं त्या वेळी गावातून एसटी कुठली? गाडी ठरवूनच जा आणि गाडीवाल्याचा फोन चालू राहील एवढं बघा. आमचा दुसऱ्या अंकातच जमिनीवर बसायचं तिकीट काढून आत जाऊन बसला होता.