आमची वाटचाल : स्पिटफायरच्या पेटीपासून भारतीय स्क्वाड्रनांच्या चिन्हांपर्यंत

आमचा व्यवसाय पुण्यात आहे आणि तो महायुद्धकालीन लढाऊ विमानांच्या प्लॅस्टिक प्रतिकृतींचा आहे, असे सांगितले की समोरचा माणूस बहुधा दोनच प्रश्न विचारतो : हे विमान उडते का, आणि यावर घर चालते का? विमान उडत नाही. घर मात्र चालते. ते कसे चालू लागले, एवढेच येथे सांगायचे आहे.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या वडिलांचे इंजेक्शन मोल्डिंगचे छोटे युनिट होते. बाटल्यांची बुचे, स्विचबोर्डची झाकणे आणि मिळेल ते जॉबवर्क तिथे चाले. आखातातून आलेल्या एका नातेवाइकांनी स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची, सुटे भाग जोडून प्रतिकृती करायची पेटी भेट म्हणून आणली, तेव्हा आम्ही भावंडे झाकणावरचे चित्र पाहत बसलो आणि वडील मात्र सुटे भाग जिला जोडलेले असतात ती आतली चौकट उजेडात धरून डाय, म्हणजे साचा, कशी कापली असेल याचा अंदाज घेऊ लागले. साच्याचे दोन अर्धे मिळतात ती पार्टिंग लाइन कुठे घेतली आहे, साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे ठसे दिसणार नाहीत अशा बाजूला कसे ढकलले आहेत, पंखावरच्या पत्र्यांचे सांधे केसाएवढ्या रेषांनी कसे कोरले आहेत, हे त्यांनी आम्हाला बोट ठेवून दाखवले. ‘या कारागिराचा हात धरणारा आपल्या वसाहतीत कोणी नाही,’ असे ते म्हणाले. बुचे आणि विमान एकाच जातीच्या यंत्रातून निघतात, फरक सगळा डायमध्ये असतो, ही गोष्ट आमच्या डोक्यात तेव्हाच बसली आणि पुढे माल निवडताना तीच सर्वाधिक उपयोगी पडली.

या छंदाचे आणि स्पिटफायरचे वय जवळपास सारखेच आहे. आर. जे. मिचेल यांच्या आराखड्यातून घडलेले हे विमान 5 मार्च 1936 रोजी प्रथम उडाले आणि त्याच वर्षी इंग्लंडमधील फ्रॉग या नाममुद्रेने जोडून करायच्या प्लॅस्टिक विमानांची पहिली मालिका 1/72 या प्रमाणात बाजारात आणली. निकोलस कोव्ह या हंगेरीत जन्मलेल्या उद्योजकाने 1939 मध्ये लंडनला सुरू केलेल्या एअरफिक्सने 1953 मध्ये स्पिटफायरची स्वस्त पेटी काढली आणि विमान जोडणे हा सामान्य घरांतल्या मुलांचा उद्योग झाला. 1/72 म्हणजे प्रत्यक्षातले सहा फूट प्रतिकृतीत एक इंच. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार सुमारे 11.2 मीटर होता. तो या प्रमाणात साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि 1/48 मध्ये साडेतेवीसच्या जवळ जातो. पुण्यातल्या सदनिकांच्या काचेच्या कपाटांना हा हिशेब फार महत्त्वाचा असतो, कारण 1/32 मधले विमान घरी नेण्याची हौस पुष्कळांना असली तरी ते ठेवायचे कुठे याचे उत्तर थोड्यांकडेच असते.

सुरुवातीची काही वर्षे आम्ही फक्त पेट्या विकत होतो. एका व्यापारी संकुलातला मागच्या बाजूचा गाळा, समोर झेरॉक्सचे दुकान आणि आमच्या फळ्यांवर एअरफिक्स, रेव्हेल, शिझुओकाच्या तामिया व हासेगावा यांचा माल, असे त्याचे स्वरूप होते. गिऱ्हाईक मुख्यतः हिंजवडीकडे नोकरी करणारे अभियंते आणि हवाई दलातून निवृत्त झालेले अधिकारी. शाळकरी मुले यायची, पण किंमत ऐकून आईवडील पुढच्या दुकानाकडे वळायचे. नफ्याचे प्रमाण बेताचे होते. रंग, ब्रश आणि सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडायचा द्रव, यांच्या विक्रीवर भाडे निघायचे. नवशिक्याला आम्ही तेव्हाही महागडी पेटी देत नसू आणि आजही देत नाही. शंभरावर सुटे भाग असलेली पेटी पहिल्याच खेपेस घेणारा माणूस ती अर्धवट माळ्यावर टाकतो आणि परत दुकानाची पायरी चढत नाही, हा अनुभव या धंद्यातल्या कोणालाही विचारावा.

फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये ते 70 टक्क्यांवर गेले. देशी खेळण्यांच्या उद्योगाला त्याचा लाभ झाला असेल. पण सीमाशुल्काच्या 9503 या शीर्षकाखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती एकत्रच मोडतात, आणि आमच्या प्रतिकृती देशात कोणी बनवत नव्हते. शंभर रुपयांच्या मालावर आधी साठ आणि नंतर सत्तर रुपये शुल्क, त्यावर वाहतूक आणि कर, एवढे मिळवून जी किंमत होई ती ऐकून जुनी गिऱ्हाइकेसुद्धा पेटी हातात घेऊन परत फळीवर ठेवू लागली. पेट्या विकून चालणार नाही हे स्पष्ट झाले. त्याच पेटीत आपल्या हातचे काम घालून ती विकावी, म्हणजे किमतीत शुल्काचा वाटा लहान आणि मजुरीचा मोठा होईल, असे गणित आम्ही मांडले आणि मागणीनुसार विमाने बांधून द्यायला सुरुवात केली.

हे काम पाहणाऱ्याला वाटते त्याहून संथ असते. चौकटीतून भाग कटरने सोडवायचा तो थोडा देठ ठेवूनच, आणि तो देठ मग ब्लेडने तासायचा. एकदम मुळाशी कापले तर प्लॅस्टिक पांढरे पडते. वैमानिकाची बैठक आणि यंत्रफलक आधी रंगवून आत बसवावे लागतात, कारण धडाचे दोन्ही अर्धे एकदा मिटले की तिथे हात पोहोचत नाही. ते मिटवताना पातळ सिमेंटचा ब्रश सांध्याला नुसता टेकवायचा. द्रव केशाकर्षणाने सांध्यातून आपोआप धावतो आणि दोन्ही कडांचे पॉलिस्टायरिन विरघळवतो. मग बोटांनी हलकेच दाबले की विरघळलेल्या प्लॅस्टिकची बारीक वरंबी सांध्यावर उभी राहते. ती वर आली म्हणजे सांधा आतून भरला. दुसऱ्या दिवशी ती पॉलिश पेपरने उतरवली की जोड दिसेनासा होतो आणि लांबी (पुट्टी) भरण्याची गरज सहसा पडत नाही. मोटारींच्या डेंटिंग-पेंटिंगमधून आमच्याकडे आलेला एक कारागीर सुरुवातीला सवयीने जिथे तिथे लांबी लावायचा. आज तोच नव्या मुलांना सांध्याचे काम शिकवतो आणि लांबीचा डबा कुलपात ठेवतो.

व्यवसायाला खरे वळण मिळाले ते एका कृष्णधवल छायाचित्रामुळे. एक गृहस्थ आपल्या आजोबांचे छायाचित्र घेऊन आले होते. आजोबा दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फिटर होते आणि ब्रह्मदेश आघाडीवर एका हरिकेन विमानाच्या पंखाला टेकून उभे होते. ‘हेच विमान पाहिजे, दुसरे कुठले नको,’ एवढीच त्यांची अट होती. पेटीतले हरिकेन मार्क 2 सी चार तोफांचे होते आणि छायाचित्रात पंखातून दोनच नळ्या बाहेर आलेल्या दिसत होत्या. वजन कमी करण्यासाठी त्या आघाडीवरच्या काही विमानांतून दोन तोफा काढून टाकत असत. पंखावरचे गोल चिन्ह, ज्याला राउंडेल म्हणतात, तेही पेटीतल्यापेक्षा वेगळे होते. जपानी विमानांवर तांबडा गोल असे. झटापटीत आपल्याच विमानावर गोळी सुटू नये म्हणून 1943 पासून आग्नेय आशियाच्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या चिन्हातला तांबडा रंग पुसून गडद आणि फिकट निळा असे दोनच रंग ठेवले गेले. छायाचित्रात या छटा केवळ करड्या दिसतात, त्यामुळे कोणता करडा कोणता निळा हे ठरवायला त्या काळातली इतर चित्रे शेजारी ठेवून पाहावी लागली.

इंफाळच्या लढाईत 1944 मध्ये भारतीय हवाई दलाची क्रमांक 1 स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, हरिकेन उडवत होती. तिचे नेतृत्व करणारे अर्जन सिंग यांना त्या कामगिरीबद्दल डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला आणि ते पुढे हवाई दलाचे मार्शल झाले. मेहर सिंग यांची क्रमांक 6 स्क्वाड्रन हरिकेनमधूनच टेहळणी करीत असे. क्रमांक 8 स्क्वाड्रनकडे स्पिटफायर मार्क 8 होती, जिचे शेपटाकडचे चाकसुद्धा आत घेता येत असे. एवढा इतिहास असूनही परदेशी पेट्यांतून भारतीय स्क्वाड्रनांची चिन्हे क्वचितच येत. ब्रिटनवरील हवाई लढाईतल्या विमानांचीच तिथे रेलचेल असे. ती चिन्हे आपणच छापावीत, असे आम्ही ठरवले.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचे चिन्ह, छापण्यातली खरी अडचण पांढऱ्या रंगाची आहे. कार्यालयातला प्रिंटर पांढरे छापत नाही आणि खाली पांढरा थर नसला तर फिकट निळा रंग विमानाच्या हिरव्या-तपकिरी रंगात बुडून जातो. उपाय घराजवळच सापडला. लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डे स्क्रीन प्रिंटिंगने छापणाऱ्या एका कारागिराला आम्ही डिंकाचा थर असलेला कागद नेऊन दिला. तो सोनेरी गणपती डोळे मिटून छापणारा माणूस; पण एकावर एक तीन रंग केसभरही न सरकता बसवायचे म्हटल्यावर त्यालाही घाम फुटला. त्याने पडद्याची जाळी बदलली, चौकटीला खुणेच्या पट्ट्या लावल्या, आणि रंग पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा हात मारायचा नाही असा नियम घातला. आराखडे संगणकावर आमच्या सौभाग्यवती काढतात आणि छपाईत नख अडकेल एवढी जरी चूक दिसली तरी अख्खा कागद बाजूला काढतात. त्यांच्यापुढे कोणाचे चालत नाही.

डिकल लावण्याआधी विमानावर चकचकीत वार्निशचा हात द्यावा लागतो, नाहीतर खडबडीत रंगावर हवा अडकून चिन्हाखाली चंदेरी डाग दिसतात. चिन्ह कोमट पाण्यातून काढून कागदावरून पंखावर सरकवायचे, पाणी टिपायचे आणि वर मऊ करणारे द्रावण लावायचे. थोड्याच वेळात ते पातळ चिन्ह आचेवर धरलेल्या पापडासारखे सुरकुतते आणि नवशिका घाबरून बोट लावतो. तसे करू नये. वाळता वाळता ते स्वतःच ताठ होते आणि पंखावरच्या कोरीव रेषांत उतरून बसते, जणू रंगवलेलेच.

पावसाळ्यात आम्ही लॅकर रंगांची कामे हाती घेत नाही. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर उतरते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवणारी बाटली बसवली तरी खोलीतल्या ओलाव्याला ती काय करणार? त्या दिवसांत जोडकाम, घासकाम आणि ॲक्रिलिक रंग एवढेच चालते, आणि रंगाची घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही नवरात्रानंतरची तारीख देतो.

आज आमच्या विक्रीत पेट्यांचा वाटा सर्वांत लहान आहे. बांधून दिलेली विमाने आणि डिकलचे कागद यांवर दुकान चालते. परदेशातूनही मागण्या येतात, आणि त्यात भारतीय स्क्वाड्रनांबरोबर सेवा केलेल्या ब्रिटिश वैमानिकांच्या वारसांचाही समावेश आहे. ओळखता येणारे छायाचित्र किंवा विमानाचा क्रमांक नसेल तर ‘आजोबांचे विमान’ म्हणून आम्ही काही बांधून देत नाही. त्यांच्या स्क्वाड्रनमधले नोंद असलेले एखादे विमान सुचवतो आणि पाटीवर तसे स्पष्ट लिहितो. यावरून काही जण नाराज होऊन परत गेले आहेत, आणि ते आम्हाला चालते.

सध्या मेजावर टेंपेस्ट हे लढाऊ विमान आहे, 1947-48 च्या काश्मीर मोहिमेत लढलेले. त्या सुमारास आपल्या हवाई दलाने पांढऱ्या गोलात गडद निळे अशोकचक्र हे चिन्ह काही काळ वापरले. 1/72 मध्ये त्या चक्राचे चोवीस आरे एवढे जवळ येतात की पडद्यातून शाई उतरताना ते मध्याशी एकमेकांना चिकटतात. जाळी आणखी बारीक केली तर शाई अडते, शाई पातळ केली तर कडा पसरतात. 1/48 चा कागद त्यामुळे आधी विक्रीला काढला आहे. लहान प्रमाणासाठी आमचा पत्रिकावाला वेगळी शाई मागवून पाहतो आहे आणि तोवर त्या मागण्या आम्ही आगाऊ पैसे न घेता नोंदवून ठेवत आहोत.