यामाहा १५ एन्ड्युरो : वरच्या सिलिंडरचं काम झालं

देवबागच्या एका होडीवरून उतरवलेली यामाहा १५, म्हणजे होडीच्या मागे बसवायची आउटबोर्ड मोटर, आता दुरुस्तीच्या अर्ध्या वाटेवर आली आहे. दोन सिलिंडर, २४६ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५६ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५० मिलिमीटर. घेतली तेव्हा खालच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन आत तयार करतो तो दाब) ११० पीएसआय होतं, वरच्याचं जेमतेम ७०. दोघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला की कार्बोरेटरशी खेळत बसण्यात अर्थ नाही, हेड उघडायचं.

उघडल्यावर एक्झॉस्ट पोर्टच्या (धूर बाहेर जायच्या भोकाच्या) बाजूला सिलिंडरच्या भिंतीवर उभे चंदेरी पट्टे दिसले. इथेच बरेच जण ‘ब्लॉक गेला’ म्हणून मोकळे होतात. पण पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, लायनर (सिलिंडरची आतली भिंत) बिडाचा. इंजिन तापून पिस्टन घासला की त्याचं अ‍ॅल्युमिनियम भिंतीला चिकटतं आणि तेच ओरखड्यासारखं दिसतं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा त्या पट्ट्यांवर धरला. अ‍ॅल्युमिनियम असेपर्यंत बुडबुडे येतात, ते थांबले की खाली उरतं ते बीड, त्याला सोडा काही करत नाही. (ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचाच, त्यामुळे एक थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच.) बहुतेक पट्टे गेले. दोन राहिले, आणि नख फिरवलं की अडकत होतं. म्हणजे हे खरे ओरखडे.

मग डायल बोअर गेज. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं दोन्ही दिशांनी माप घेतलं. खालचा सिलिंडर सगळीकडे ५६.०३ च्या आत. वरचा तळाशी ५६.०२, पण एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या अंगाला ५६.०९. नुसत्या होनिंगने, म्हणजे भिंत हलकी घासून, भागणार नव्हतं. बोअर करून ०.२५ ओव्हरसाइजला, म्हणजे तेवढ्या मोठ्या पिस्टनवर, जायचं तर व्यास पाव मिलिमीटर वाढतो, म्हणजे एका भिंतीवरून फक्त ०.१२५ निघतं. ओरखडा त्याहून खोल असेल तर थेट ०.५० वर जावं लागतं. माझा पावात निघेल असा अंदाज होता.

बोअरिंगला ब्लॉक फोंडा घाटातून कोल्हापूरला नेला, उद्यमनगरात. मिस्त्रींनी ब्लॉककडे बघायच्या आधी विचारलं, “पिस्टन आणलाय न्हवं? पिस्टन हातात असल्याबिगर बोअर करत न्हाय.” असा मिस्त्री मिळाला की सोडू नका. डब्यावर ०.२५ छापलेलं असलं तरी प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचा, स्कर्टवर (खालच्या घेरावर), पिनच्या काटकोनात, आणि त्यावरून बोअर ठरवायचं. पिस्टन आणि भिंत यांतली फट साधारण तीन-चार शतांश मिलिमीटर. आधी बोअर आणि मग बाजारात पिस्टनचा शोध, हा उलटा धंदा आपल्याकडे फार चालतो.

दोन्ही सिलिंडर एकाच मापाचे हवेत असा काहींचा आग्रह असतो. आउटबोर्डमध्ये एकच सिलिंडर वाढवणं सर्रास चालतं आणि मला त्यात गैर वाटत नाही. उद्या खालचा घासला तर त्यालाही पुढचं माप शिल्लक राहतं.

बोअरिंगनंतरचं काम मात्र स्वतः केलं. टू-स्ट्रोकच्या भिंतीत पोर्टची भोकं असतात. ताज्या बोअरिंगने त्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. रिंग तिथे अडकली की तुटलीच. बारीक दगडाने प्रत्येक कड हलकेच मारली, एक्झॉस्टची जरा जास्त. होनिंगला मण्यांचा ब्रश वापरला, कारण तीन पायांच्या होनचे दगड पोर्टमध्ये अडकतात. मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. त्यानंतर टू-स्ट्रोक ऑइलमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं, करडा डाग येणं थांबेपर्यंत. पेट्रोलने धुऊन समाधान मानू नका, होनिंगची पूड तशीच राहते.

रिंग पिस्टननेच सरळ आत ढकलून तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेज घातला : ०.२० मिलिमीटर. रिंगांची तोंडं पिस्टनवरच्या पिनांवर बसली का ते बघितलं, ‘अप’ची खूण फ्लायव्हीलकडे ठेवली. खालच्याला फक्त हलका होन आणि नव्या रिंगा.

हे सगळं मुळात का झालं, ते वरच्या सिलिंडरभोवतीच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटांत सापडलं. खारं पाणी वर्षानुवर्षं फिरून तिथे पांढरा दगडी थर साचला होता आणि थर्मोस्टॅट त्यात रुतून बसला होता. वाटा खरवडून, व्हिनेगरने साफ केल्या. थर्मोस्टॅट आणि इम्पेलर (पाणी खेचणाऱ्या पंपाचा पंखा) नवे घातले. हे न करता नवा पिस्टन घातला असता तर तोही तसाच गेला असता.

पिंपात चालवून पाहिली. तोटीतून पाण्याची धार नीट येते. रिंगा अजून बसायच्या आहेत, तरी कॉम्प्रेशन वर ११५, खाली ११८. पहिले १० तास पेट्रोल-ऑइलचं २५:१ मिश्रण, अर्ध्या थ्रॉटलच्या आत. आता मोर्चा गिअरकेसकडे (प्रोपेलरच्या गिअरचा डबा) : तिथलं ऑइल दुधाळ निघालंय, म्हणजे आत पाणी शिरलंय, प्रोपेलर शाफ्टचे सील मागवले आहेत.